पहिली टाच

ठाण्याला खाडीच्या अंगाला एक जुना सरकारी बंगला आहे. साहेबाची बग्गी धूळ न उडवता दारापर्यंत यावी म्हणून त्याच्या फाटकापासून पायरीपर्यंत चुन्याच्या काँक्रीटचा कोबा घातलेला आहे. तो कोबा मी केला, असं लोक म्हणतात, आणि मीही इतकी वर्षं म्हणू दिलं. परवा नौपाड्यात एका मुंजीला गेलो होतो. तिथं नव्यानं आलेल्या एका तरुण ओव्हरसियरनं मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "रावसाहेब, त्या दलदलीच्या जागेत कोबा इतका टिकला कसा हो?" मी पंक्तीत बसलो होतो, पानात जिलबी होती. मी म्हणालो, "अनुभव." त्यानं आदरानं मान हलवली. मला ती जिलबी काही गेली नाही.

तो कोबा हिराजीनं टिकवला. हिराजी खाडीपलीकडच्या पाड्यातला आगरी, मिठागरावर राबणारा. गुडघ्यापर्यंत रुमाल, कानात मुरकी, अंगावर बहुतेक काहीच नाही. बोलायला लागला की समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचा. मला आधी वाटलं, लाजाळू आहे. पुढं कळलं की माणूस कसा उभा आहे, हे तो बघत असे. "तुमी डाव्या पायावर उभे ऱ्हाता, रावसायब," असं त्यानं मला तिसऱ्याच दिवशी सांगितलं. मी रागावलो, आणि तेव्हापासून उजव्या पायावर उभा राहण्याचा प्रयत्न करत आलो आहे.

त्याचे पाय मात्र बघण्यासारखे होते. पंजे रुंद, बोटं एकमेकांपासून फाकलेली, टाचा भेगाळलेल्या आणि कठीण. मिठाच्या वाफ्याचा तळ पक्का करायचा तर चिखल पायांनी तुडवतात आणि मग ओळीनं उभे राहून टाचांनी ठोकत ठोकत मागं सरकतात. तळ एका जागी जरी सैल राहिला तरी पाणी मुरतं आणि हंगाम जातो. त्या ओळीचा म्होरक्या हिराजी. कुठल्याही नव्या जागी गेला की उभं राहण्याआधी तो उजव्या पायाची टाच दोनदा जमिनीवर आपटायचा, मान जरा कलती करायचा आणि मगच दोन्ही पाय टेकायचा. कचेरीच्या ओट्यावर, देवळाच्या पायरीवर, होडीतून उतरल्यावर काठावर, सगळीकडे तेच. माझा कारकून म्हणायचा, "हा सरणावर चढायच्या आधीसुद्धा टाच मारून बघेल." हिराजीनं ते ऐकलं आणि मनापासून हसला. "बगनारच. लाकरा नीट रचली नाय तर?"

तो बांधकाम खात्याच्या कामावर आला तो माझ्यामुळं; मी तेव्हा तिथं ओव्हरसियर होतो. बंगल्यासमोरची जागा भरावाची होती. पूर्वी तिथं मिठागर होतं म्हणे, ते बुजवून वर मुरूम टाकलेला. मी दोरी लावून, खुंट्या ठोकून गाडीरस्त्याची आखणी केली होती आणि ती मला फार सुबक वाटत होती. हिराजी दोरीच्या कडेनं टाच आपटत चालत गेला, फाटकापासून वीस पावलांवर थांबला, चार पावलं मागं-पुढं केली, त्याच जागी पुन्हा आपटली.

"हितं खाली उघाडी हाय," तो म्हणाला.

उघाडी म्हणजे मिठागरात भरतीचं पाणी घ्यायचं आणि सोडायचं लाकडी दार. मी म्हणालो, नकाशात काही नाही. तो म्हणाला, "नकशात नसल. खाली हाय." तिथं चार हात खणल्यावर काळं पडलेलं सागवान लागलं. मला त्या दिवशी त्याचा हेवाच वाटला, कबूल करतो. माझ्या इंग्रजी पुस्तकात जमिनीचे सात प्रकार होते आणि टाच आपटून कळणारा एकही नव्हता. ते दार उपसून काढायचं तर आठवडा मोडला असता. मी म्हटलं, राहू दे, भोवतीनं दाबून भरू. हिराजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे. मंग उधाना जास्त दाखवाय लागतीन."

हे उधाणाचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. खाडीकाठची जमीन वरून कोरडी दिसली तरी अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला खालून पाणी चढतं, आणि ओहोटीला उतरताना माती थोडी खाली घेऊन जातं. म्हणून आगरी लोकांची रीत अशी की जमीन ठोकायची आणि सोडून द्यायची. एक उधाण येऊन जाऊ द्यायचं, जिथं दबली तिथं भरून पुन्हा ठोकायची. मग दुसरं उधाण. दोन्ही खाऊन जी हलली नाही, तिच्यावर काय वाटेल ते बांधा. "खारी घरातली म्हातारी हाय," हिराजी म्हणायचा. खारी म्हणजे खाडी. "तिला इचारल्याबिगर आंगनात काय मांरू नये."

त्याच्या स्वभावातली एक गोष्ट मला कल्याणला कळली. चुना बघायला आम्ही दोघं गेलो होतो. तिथं बंदराजवळ एका भाताच्या व्यापाऱ्यानं नवी वखार बांधली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती हौसेनं दाखवत होता. हिराजीनं उंबऱ्याच्या आत टाच आपटली आणि पाय मागं घेतला.

"काय रे, काटा भरला?" शेटजी हसले.

"शेट, त्या आंगाला गोनी रचू नका. जमीन कच्ची हाय."

शेटजींनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मीही हसलो; शेटजींनी दूध मागवलं होतं. गणपतीच्या सुमारास पुन्हा जाणं झालं तर त्या कोपऱ्यातली जमीन हातभर खचून गोणी कलंडल्या होत्या आणि भिंतीला चीर गेली होती. शेटजी तोंड पाडून उभे. मी हिराजीला कोपरानं ढोसलं. "म्हण की, मी सांगितलं होतं!"

हिराजी कुजबुजला, "तो काय बहिरा हाय? त्यानी आयकला व्हता. आता पुन्ना सांगून त्याला रडवाचा काय?" आणि पुढं होऊन तो शेटजींना गोणी हलवू लागला. असा माणूस. झालेल्या चुकीची आठवण तो कोणाला कधी करून देत नसे. मला तेव्हा तो भोळा वाटला.

बंगल्याचं काम दिवाळीनंतर सुरू झालं. हिराजीच्या वीस माणसांनी आधी धुम्मस चालवून मुरूम दाबला, मग ओल्या मातीचा थर घालून टाचांनी ठोकला. वीस जोड टाचांचा तो आवाज कचेरीपर्यंत ऐकू यायचा. अमावस्येचं उधाण आलं, गेलं. उघाडीच्या जागी चार बोटं जमीन दबली, ती त्यांनी भरून पुन्हा ठोकली. आता पौर्णिमेची वाट बघायची होती.

तेवढ्यात साहेबानं मला बोलावलं. मुंबईहून त्यांच्या वरचे मोठे साहेब पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी चहाला येणार होते. तोवर कोबा तयार हवा. मी म्हणालो, "होईल, सर." तिथं जर म्हणालो असतो की नाही होणार, खाडी अजून हो म्हणालेली नाही, तर साहेब कदाचित हसला असता आणि मुरुमाच्या रस्त्यावरून पाहुण्याला आणलं असतं. पण माझं नाव बढतीच्या यादीत होतं. मला 'होईल' एवढा एकच शब्द सुचला.

हिराजीला सांगितलं तेव्हा तो बोटांवर मोजून म्हणाला, "एकच उधान झाला. दुसरा नवव्या दिशी हाय."

"हिराजी, सरकारी काम खाडीच्या पंचांगावर चालत नाही."

"नाय चालत," तो शांतपणे म्हणाला. "पन खारी बी सरकारच्या पंचांगावर चालत नाय. तुमी सांगाल तसा करतू. दुसरा उधान मी मोजला नाय, यवरा ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं. आजही आहे.

कोबा झाला. खडी, चुना, विटांचा चुरा घालून बायकांनी थाप्यांनी सहा दिवस गाणी म्हणत तो पिटला. गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपून वर अशी तकाकी आणली की मोठ्या साहेबांनी बग्गीतून उतरल्यावर काठीनं ठोकून बघितलं आणि "व्हेरी गुड" म्हणाले. मी दोन दिवस जमिनीवर चालत नव्हतो.

पुढच्या अमावस्येला फाटकापासून वीस पावलांवर परातीएवढा खळगा पडला. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला कोबा तडकून मधोमध वीतभर खाली बसला आणि साहेबाच्या बग्गीचं चाक त्यात आदळून मडमसाहेबांची टोपी कर्दळीत जाऊन पडली.

साहेबानं दोघांनाही त्या खड्ड्याच्या काठावर उभं केलं. मला इंग्रजीत विचारलं, हे कसं झालं? मी इंग्रजीत म्हणालो की जमीन ठोकणाऱ्यांनी कामात कुचराई केली. आगरी लोक, नजर हटली की बसून राहतात. हे वाक्य मी आयत्या वेळी रचलं नव्हतं. आदल्या दिवसापासून मनात घोळवून ठेवलं होतं, त्याचं व्याकरणसुद्धा तपासून ठेवलं होतं. साहेब हिराजीकडे वळला आणि त्याच्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुम लोग कामचोर है. कल से मत आना."

मी काय बोललो ते हिराजीला तेव्हा कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच पायांकडे नाही, तोंडाकडे बघितलं. मी छत्रीची मूठ पुसत होतो. तो म्हणू शकला असता, मी सांगितलं होतं. त्याची माणसं मागं उभी होती, त्यातल्या दोघांनी ऐकलंही होतं. तो फक्त म्हणाला, "बरा." आणि माणसांना घेऊन फाटकाबाहेर गेला.

मग मी शहरातले गवंडी लावले. त्यांनी खड्ड्यात खडी भरून वर नवा चुना चोपडला. वजन वाढलं, जागा आणखी बसली. पुन्हा भरलं, पुन्हा बसली. कचेरीत लोक मला विचारू लागले, "काय रावसाहेब, आज किती बोटं?" साहेबानं शेवटी सांगितलं, पावसाळ्याआधी एकदा काय ते करा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. तेव्हा मी होडीत बसलो आणि हिराजीच्या पाड्यात गेलो.

तो जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, घोंगडी झटकून टाकली, शहाळं सोलून दिलं. त्याची बायको मात्र दारातच उभी राहिली.

"आता कशाला आले?" ती म्हणाली. "तुमच्या एका बोलान याची टाच गेली."

"गप ऱ्हा गो," हिराजी म्हणाला.

"गप कशाला ऱ्हाव? म्हाईत तरी होव दे त्यांना."

मग तिनंच सांगितलं. गावात नवा वाफा घालायचा असला की पहिली टाच मारायचा मान एकाच माणसाचा असतो. ज्याची जमीन आजवर कधी बसली नाही, त्याचा. त्याच्या पायाशी नारळ फोडतात आणि मग ओळ सुरू होते. अठरा वर्षं तो मान हिराजीचा होता. आजूबाजूचे पाडेसुद्धा त्याला बोलवायचे. 'हिराजीची जमीन बसली' ही बातमी होडीच्याही आधी खाडी ओलांडून गेली. त्या वर्षी नारळ त्याच्या चुलतभावाच्या पायाशी फुटला आणि हिराजी ओळीत शेवटून दुसरा उभा राहिला. हे ऐकताना शहाळं माझ्या हातात तसंच होतं. ते ठेवावं की प्यावं, कळेना.

"मी येतू," हिराजी म्हणाला. "जमीन उघरी टाकून कसा चालल? पन एक करा, रावसायब. काम झाल्यावर सायबाला सांगा, का चूक आमची नव्हती. सायब बोलला तर गाव आयकल. मी बोलून काय उपेग?"

मी म्हणालो, "सांगेन." त्याच्या बायकोचा चेहरा काही हलला नाही. म्हणून मी जानवं हातात धरून म्हणालो, "शपथ."

तो आला. बसलेला सगळा भाग त्यानं चौकोनी कापून काढला, खाली खणत गेला आणि आधी ती उघाडी मुळासकट उपसली. तिच्यामागून काळं पाणी भळभळून आलं. ते पाणी दोन दिवस वाहू दिलं. मग थर घातले, ठोकले, आणि सगळे निघून गेले. जाताना मला म्हणाला, "आता कोनी हात लावाचा नाय." उधाण आलं, गेलं. भरून ठोकलं. दुसरं उधाण आलं, गेलं. त्या दिवशी तो सकाळीच एकटा आला, खड्ड्यात उतरला आणि टाच आपटली. दोनदा नाही, कितीतरी वेळा. मग वर बघून म्हणाला, "आता टाका तुमचा चुना." एवढे दिवस साहेबाला थोपवून धरणं मला अवघड जाईल असं वाटलं होतं. काहीच गेलं नाही. मी महिना मागितला, त्यानं दिला. म्हणजे पहिल्या वेळीही दोन आठवडे दिले असते.

पावसाळ्यातली सगळी उधाणं त्या कोब्यानं खाल्ली आणि केसभर हलला नाही. श्रावणात साहेब स्वतः त्यावरून चालून आला. मी सोबत होतो. हिराजीला मी निरोप धाडला नव्हता, तरी तो आला होता आणि फाटकाबाहेर चिंचेखाली उभा होता. साहेबानं विचारलं, "तुम्हाला नेमका दोष सापडला कसा?"

हीच वेळ होती. वाक्यही फार मोठं नव्हतं. त्या फाटकाकडे बोट करून चार शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "बारकाईनं तपास केला, सर." साहेब हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. फाटकाबाहेर हिराजीनं ते लांबून बघितलं आणि आम्हा दोघांना हात जोडले. त्याला वाटलं असेल, सांगितलं. मी त्याच्याकडे न बघता कचेरीत गेलो. महिन्याभरात मला बढती मिळाली आणि बदली कल्याणला झाली. साहेब पुढच्या साली विलायतेला गेला. जानव्याचं म्हणाल तर श्रावणीला ते बदललंच.

सात-आठ वर्षांनी हिराजी मला पुन्हा भेटला. कल्याणच्या बंदरावर मी धक्क्याच्या पायऱ्यांची मापं घेत होतो. मिठाच्या होड्या लागल्या होत्या. एका होडीतून एक म्हातारा उतरला, पायरीवर टाच दोनदा आपटली, आणि मी ओळखलं. पाठ वाकली होती. पाय तेच होते.

"रावसायब!" त्याला खरंच आनंद झाला. "आपली जमीन कशी हाय?"

"आहे तशीच आहे, हिराजी. केसभर हलली नाही."

तो हसला. मग जरा घुटमळला, माझ्या पायांकडे बघत राहिला.

"एक इचारू? त्या दिशी मी चिंचेखाली व्हतू. सायब हसला. तवा सांगितलात ना तुमी?"

"तू गावात नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमाला इचारल्याबिगर कसा सांगू? नुसता लांबून बगितला. तुमची बदली झाली, मंग ऱ्हायलाच." तो जवळ आला. "आवंदा नातवाचा नवा वाफा हाय, दिवालीनंतर. घरवाली म्हनते, पयली टाच तुमी मारा. पन गाव इचारल ना, कंच्या तोंडान मारता? म्हनून इचारतू."

सात-आठ वर्षं हा माणूस ओळीत शेवटून दुसरा उभा राहिला, कारण खात्री नसलेली गोष्ट त्याला बोलायची नव्हती. आणि मी ज्याला सांगायचं तो साहेब समुद्रापलीकडे गेला होता. अजूनही एक करता आलं असतं. होडीत त्याच्या गावची सात-आठ माणसं बसली होती. त्यांच्यासमोर म्हणायचं, हिराजीची चूक नव्हती, उधाण मी मोजू दिलं नाही. माझ्यासोबत दोन कारकून होते, मापाची साखळी धरून उभे. ते ऐकत होते.

मी म्हणालो, "हो. सांगितलं ना."

जिथं उभं राहायचं ती प्रत्येक जागा दोनदा ठोकून बघणारा माणूस. त्यानं पुढं एक शब्द विचारला नाही. त्याचे डोळे भरून आले, त्यानं ते मनगटानं पुसले आणि लगबगीनं होडीकडे गेला. पायऱ्या उतरताना टाच आपटायचीही त्याला शुद्ध राहिली नाही. होडी सुटता सुटता त्यानं आपल्या माणसांना ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "आयकलात का? रावसायबांनी सायबाला तवाच सांगितलान! बगा, उभे हायत ते, इचारा!"

होडीतली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. एका म्हातारीनं हात जोडले. मी छत्री डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला.